नाकाबंदीविषयीची नाराजी कितपत रास्त आहे?

प्रश्न : निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की अनेक परवानाधारकांची शस्त्रे जमा होतात आणि रस्तोरस्ती नाकाबंदी सुरू होते, बेकायदा पिस्तुले रोखण्यासाठी असलेल्या या तपासणीत हेल्मेटचा दंडच अधिक दिसत असेल, तर लोकांनी तिच्यावर विश्वास कसा ठेवावा?

प्रतिसाद १ : २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीतच कसाब जिवंत पकडला गेला आणि त्याच्या रायफलीची नळी घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे हुतात्मा झाले. त्यांच्या हाती केवळ लाठी होती, हे विसरता येत नाही.

प्रतिसाद २ : मान्य. मद्यपी चालकांना अडवणेही आवश्यकच आहे; माझा आक्षेप पावतीविना पैसे घेण्याला आहे.

प्रतिसाद ३ : म्हणूनच ई-चलानाचा आग्रह प्रत्येकाने धरावा.