उसाला रात्री पाणी द्यायची टॉर्च: लांब फेकायला नक्की काय बदलू?

वाइंडिंगवाला (ता. जुन्नर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडं शेतीची थ्री फेज पाळीनं येते, रात्रीची पाळी असली की उसात दारं धरायला रात्रीच जावं लागतं. सरी ६०० फूट लांब, दोन एकराचा तुकडा. बिबट्याचं नवल आम्हाला नाही, पण म्हणून अंधारात चाचपडत जायचं का?

टॉर्च आठवडे बाजारातली. सी-८ घाटणीची, म्हणजे मोठ्या तोंडाची, अ‍ॅल्युमिनियमची, एकच १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियमचा). खोक्यावर वीस हजार लुमेन, सेलवर ९८०० एमएएच छापलंय. चालू केली की सुरुवातीला झकास, पाणी अर्ध्या सरीत पोचेपर्यंत मिणमिणायला लागते. उघडून बघितली. आत पिवळा चौकोनी एलईडी आहे, एक्सएमएल असावा, आणि ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला करंट देणाऱ्या प्लेटीवर, ७१३५ लिहिलेल्या आठ चिपा.

मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं सोल्डरिंग, मल्टिमीटर, तांब्याची तार सगळं घरचंच. आठावर अजून चार चिपा चढवू का एलईडीच बदलू? परल्या टोकाला पाणी फुटलंय की नाही ते अलीकडच्या बांधावरून दिसलं पाहिजे, एवढंच मागणं आहे.

गडफिरस्ता

कशाला खटाटोप? चार एलईडीवाली चांगली टॉर्च घ्या, चार हजार लुमेन सहज मिळतात. आम्ही ट्रेकला तीच नेतो.

कथीलकाका

गडफिरस्ता, चार एलईडीची टॉर्च तळावर तंबू ठोकायला उत्तम. ती प्रकाश सांडते, फेकत नाही. ह्यांना ६०० फूट म्हणजे १८० मीटर बघायचंय, तिथे लुमेन, म्हणजे एकूण प्रकाश, विचारू नका, कँडेला, म्हणजे झोताचा जोर, विचारा. हिशेब सोपा आहे. कँडेला भागिले मीटरमधल्या अंतराचा वर्ग, की तिथे पडणारा उजेड लक्समध्ये मिळाला. एक्सएमएल लावलेली बरी सी-८ साधारण ३०,००० कँडेला देते. १८० मीटरवर त्याचा एक लक्ससुद्धा उरत नाही. टॉर्चच्या खोक्यावर जो पल्ला लिहितात तो पाव लक्सपर्यंतचा, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. पाव लक्समध्ये वाफ्यातलं पाणी दिसत नाही, लोकहो.

वाइंडिंगवाले, चिपा चढवू नका. एक ७१३५ सुमारे ३५० मिलिअँपिअर सोडते, आठांचे २.८ अँपिअर झाले. बारा केल्या तर ४.२ होतील. करंट दीडपट, प्रकाश त्याहून कमी, आणि उष्णता सव्याज. शिवाय पल्ला वर्गमुळाने वाढतो. प्रकाश अगदी दुप्पट केलात तरी पल्ला १.४ पटच.

मिणमिणण्याचा दोष एलईडीचा नाही, तो सेलचा आणि स्प्रिंगचा. ९८०० एमएएचचा १८६५० अजून जन्माला यायचाय. चांगले सेल ३००० ते ३५०० चे असतात. सोनाराकडे काट्यावर ठेवून बघा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो.

आता एक चाचणी करा. सेल अर्धा उतरलेला असू दे. मागचं झाकण काढा आणि जाड तारेच्या तुकड्याने सेलचं बूड नळीच्या उघड्या कडेला जोडा. कडेवरचा काळा रंग नव्हे, चकचकीत धातू. झाकण लावल्यावर दिसतो त्यापेक्षा उजेड वाढला, तर झाकणातली स्प्रिंग आणि बटण तुमचा व्होल्टेज खातंय. भरलेल्या सेलवर ही चाचणी करू नका, फरक दिसायचा नाही. कारण ७१३५ चा ड्रायव्हर जादा व्होल्टेज स्वतःच उष्णता करून जिरवतो. सेल ४.२ वर असताना स्प्रिंगने पाव व्होल्ट खाल्ला काय, न खाल्ला काय. सेल ३.६ च्या खाली घसरला की मात्र तोच पाव व्होल्ट एलईडीच्या तोंडचा घास होतो.

वाइंडिंगवाला (ता. जुन्नर)

काका, सोनार हसला पण सेल तोलून दिला. ३१ ग्रॅम! आणि तारेनं जोडल्यावर उजेड डोळ्याला कळेल एवढा वाढला. आता स्प्रिंगला वाइंडिंगचीच तार लावतो, बावीस गेज पडलीय घरात.

कथीलकाका

३१ ग्रॅम म्हणजे आत छोटा सेल किंवा भुसा. टाकून द्या, चार्जरला परत लावू नका.

वाइंडिंगची तार नको. एकतर वार्निश खरवडत बसाल, आणि एकेरी तार स्प्रिंगबरोबर दाबली-सुटली की थोड्या दिवसांत तुटते. बारीक धाग्यांची, सिलिकॉनचं वेष्टण असलेली वायर घ्या. पुण्यात आलात तर तपकीर गल्लीत मिळेल. स्प्रिंगच्या उंचीपेक्षा थोडी लांब कापा आणि स्प्रिंगच्या पोटातून वळसा देऊन न्या. कथलाचा एक डाग खाली बुडाशी, एक वर टोकाच्या वेढ्यावर. आयर्न चांगलं तापलेलं असू दे, फ्लक्स लावा आणि झटपट उरका. रेंगाळलात तर स्प्रिंगचा ताव जातो, आणि कथील वेढ्यांमध्ये उतरलं की तिचा खिळा होतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या स्प्रिंगलाही हेच. मग नळीची कड आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही रबरांची रिंग त्याने फुगते.

एवढ्यावर थांबलात तरी अर्धा त्रास गेला. पण पल्ला वाढणार नाही, त्यासाठी एलईडी बदलायचा. तुमच्या एक्सएमएलचा उजळ भाग साधारण चार चौरस मिलिमीटरचा आहे. ओसरामचा एक चौरस मिलिमीटरचा पांढरा फ्लॅट एलईडी मिळतो, सीएसएलएनएम१ ह्या नावाने. तो एकूण प्रकाश कमी देतो, आधीच सांगतो, नंतर शिव्या नकोत. पण इवल्याशा जागेतून इतका प्रखर देतो की त्याच रिफ्लेक्टरमधून १,००,००० कँडेलाच्या आसपास निघतात. १८० मीटरवर तीन लक्स. पाणी चमकताना दिसेल. मधला ठिपका लहान आणि आजूबाजूला जवळपास अंधार, ही त्याची किंमत.

सुटा एलईडी घेऊ नका, तांब्याच्या बोर्डावर बसवलेलाच मागवा, ज्यात एलईडीच्या पोटाखाली थेट तांबं असतं. हा बोर्ड ज्या पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर बसतो, त्याला पिल म्हणतात. स्वस्त टॉर्चमध्ये तो मधे पोकळ असतो आणि बोर्ड नुसता कडेवर टेकतो. तसं असेल तर खाली तांब्याची गोल चकती घाला, तुमच्याकडे पत्रा असेलच. थर्मल पेस्ट अगदी पातळ. भाकरीला तूप चोपडल्यासारखी थापलीत तर तीच उष्णता अडवेल.

काच बदला असं कोणीतरी येऊन सांगेल. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवर मिळून आठेक टक्के प्रकाश परत जातो. तेवढा फरक डोळ्याला कळत नाही, पैसे सेलवर घाला. आणि रिफ्लेक्टर बनियनच्या फडक्याने पुसू नका. त्यावरचा थर नखाने निघतो. फक्त फुंकर.

बांधकरी (आंबेगाव)

टॉर्चचं काका बघतील, मी वावरातलं सांगतो. दहा फूट उसात कितीबी लांब फेकणारी टॉर्च मारा, पहिल्या चार ताटांवरच अडणार. तिचा उपयोग बांधावरून सरळ बघायला. बिबट्या बसला तर उसाच्या कडंला, तुमच्यापासून वीस फुटांवर. त्यासाठी पसरट उजेडच लागतो.

दुसरं, टॉर्च कमरेजवळ धरून डोळे हुडकू नका. जनावराच्या डोळ्यात पडलेला उजेड आला त्याच वाटेनं माघारी जातो. टॉर्च कानशिलाला लावून धरली तर चमक तुमच्या डोळ्यात येते, कमरेला धरली तर चमक हुकते. आम्ही डोक्याला पट्टीची लावतो ते त्याच्यासाठीच. आणि मोबाईलवर गाणी मोठ्यानं, दोघं मिळून, वाकून बसायचं नाही. फॉरेस्टवाले पण हेच सांगतात.

वाइंडिंगवाला (ता. जुन्नर)

डोळ्याचं आत्ता कळलं, धन्यवाद भाऊ. मग डोक्याला पसरट, हातात लांब फेकणारी असं करतो. काका, डोक्याची कुठल्या रंगाची घेऊ? आणि सेल दुकानातल्या पॉवर सप्लायवर चार्ज केला तर चालेल का?

कथीलकाका

बांधकरी म्हणतात ते बरोबर, दोन वेगळ्या टॉर्च ठेवा. एकीतच दोन्ही कामं करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. डोक्याची ४००० केल्विनची घ्या, पिवळसर. निळसर पांढऱ्यावर किडे जास्त येतात, आणि ते तुमच्या तोंडावर येणार.

पॉवर सप्लायवर अजिबात नाही. ४.२० व्होल्टला आपोआप थांबणारा लिथियमचा चार्जर घ्या, दोन सेलचा, म्हणजे एक भरत असताना दुसरा वापरता येतो. सेलला थेट डाग मारायचा नाही. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवायचा नाही, पेट घेतो. टॉर्च पिशवीत टाकताना मागचं झाकण पाव आटा सैल करा. आटे अ‍ॅनोडाइझ केलेले (करंट अडवणारा थर चढवलेले) असतील तर करंट तुटतो आणि आत चुकून चालू होत नाही. तुमच्या टॉर्चमध्ये तुटतोय का ते आधी घरी बघा.

एलईडी मागवताना बोर्ड २० मिलिमीटरचा, आणि ३०३० मापाची सेंटरिंग रिंग, म्हणजे एलईडीला रिफ्लेक्टरच्या मधोमध धरणारी, वेगळी सांगून मागवा. जुनी रिंग ह्या एलईडीला मोठी होते, मग मधल्या ठिपक्यात काळं भोक दिसतं. रिफ्लेक्टरच्या बुडाला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, करंट अडवणारी) लावा, नाहीतर बोर्डावरच्या डागांना टेकून शॉर्ट होईल. जोडल्यावर लगेच घट्ट पिळू नका. भिंतीवर झोत मारत रिफ्लेक्टर थोडा थोडा आवळत जा, ठिपका सगळ्यात लहान दिसला की तिथेच ठेवा. रिंग जाड वाटली तर पॉलिश पेपरवर घासा, रिफ्लेक्टर नव्हे.