मदत हवी आहे: लहान मुलांच्या खरजेवर टी ट्री तेल

नमस्कार मंडळी. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमधल्या मुलांच्या खरजेबद्दल माहिती हवी आहे. मुख्य उपचार ५ टक्के परमेथ्रिन मलमाचाच: रात्रभर अंगभर, लहानग्यांच्या डोक्यालाही (डोळे-तोंड सोडून), आणि आठवड्याभराने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावलं नाही, तर खरूज परत येते. खाजवलेल्या जखमा चिघळल्या की पुढे मूत्रपिंडालाही धोका, म्हणून हे किरकोळ समजू नये.

बुंडजालुंग हे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचे आदिवासी लोक मेलाल्यूकाची (म्हणजे टी ट्री झाडाची) पानं चुरडून त्वचेवर लावत आले आहेत. त्याच्या तेलातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक खरजेच्या किड्यांना मारतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणून परमेथ्रिनच्या जोडीला ५ टक्के टी ट्री तेल, म्हणजे ५ मिली तेलात ९५ मिली मलम, वापरायचा विचार आहे. अडचण अशी की अर्धी रिकामी, उन्हात राहिलेली बाटली हवेमुळे खराब होते आणि त्या तेलाने त्वचेला ॲलर्जी येते. ते पोटात गेलं तर विषारी, हेही आहेच.

दमट उन्हाळ्यात कोणतं मलम आधार म्हणून टिकतं? पाच वर्षांखालच्या मुलांवर, फुटलेल्या त्वचेजवळ, कोणी त्वचारोगतज्ज्ञ किती टक्के सुचवतात? किड्यांच्या अंड्यांवर या तेलाचा परिणाम होतो का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया लिहा.