मदत हवी आहे: प्रौढांचं मारणं-चावणं, स्टाफला कसं शिकवायचं?

नमस्कार, मी बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेल्या प्रौढांच्या निवासी केंद्रात काम करते. आमच्याकडे एक दादा आहेत, बोलता येत नाही, चिडले की स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतात नाहीतर जवळच्याला चावतात. दात, कान, बद्धकोष्ठता सगळं डॉक्टरांकडून तपासून झालं, कारण बरेचदा दुखणंच असतं आणि आपण त्याला हट्ट म्हणतो. आता एबीसी चार्ट सुरू केलाय, म्हणजे आधी काय घडलं, मग त्यांनी काय केलं, नंतर आपण काय केलं, पण स्टाफ रकान्यात नुसतं "उगाच चिडला" लिहून मोकळा होतो!! खरा घोळ शिफ्टचा आहे, दादांनी "ब्रेक हवा" सांगणारं चित्रकार्ड दाखवलं की सकाळचे लोक काम थांबवतात, रात्रीचे मात्र दादा ओरडल्यावरच थांबवतात, मग दादांनी कार्ड कशाला वापरावं सांगा. शिवाय चिडले की स्टाफमधले दोघंतिघं मिळून दादांना पालथं दाबून धरतात, त्यात श्वास कोंडून जीव जाऊ शकतो हे सांगितलं की "मग आम्ही मार खायचा का" म्हणतात, आणि तेही चूक नाही म्हणा. लेक्चर देऊन झालं, उपयोग शून्य. रोल प्ले किंवा प्रत्यक्ष कामावर बघून फीडबॅक असं कुणी केलंय का? नेमकं कसं बसवलंत, आणि रात्रीच्या शिफ्टला कसं पटवलंत?