म्हशीला करडईचं तेल पाजलं, फॅट वाढायच्या जागी उतरला. काय चुकलं?

मोहोळचा_गोठा: राम राम मंडळी. घरी दोन पंढरपुरी म्हशी अन सहा उस्मानाबादी बोकड आहेत. भावकीतल्या एकाने सांगितलं म्हशीला तेल दे, डेअरीत फॅट वाढून लागतो, अन बोकडांना दिलं तर मटण पण झकास होतं. घाण्याचं घरचंच तेल होतं म्हणून एका म्हशीला रोज पाव किलो तेल पेंडीवर ओतून दिलं. चौथ्या दिवशी शेण पातळ अन चकाकणारं, कडबा अर्धा गव्हाणीतच, रवंथ पण नीट करीना. फॅट ७.४ लागायचा तो ६.३ वर आलाय. तेल कमी करू का बंदच करू? अन बोकडांना द्यावं का, बकरी ईदला काढायचेत.

बार्शीकर_डेअरी: आधी सांगा सरकी चारताय का? पेंड नाही, आख्खी सरकी.

मोहोळचा_गोठा: व्हय, दोन किलो भिजवून.

बार्शीकर_डेअरी: मग तिथंच घोळ आहे बघा. सरकीत १८-२० टक्के तेल असतं, म्हणजे दोन किलोत साडेतीनशे ग्रॅमच्या पुढं तेल आधीच पोटात जातंय, वर तुमचं पाव किलो, अन कडबा-पेंडीतलं थोडंफार वेगळंच. कोरड्या खाद्याच्या ६-७ टक्क्यांच्या वर फॅट गेलं की पोटातले कडबा पचवणारे जंतू मार खातात. त्यात करडईचं तेल पातळ, त्याचा त्रास चरबीसारख्या घट्ट फॅटपेक्षा जास्त. कडब्याच्या तुकड्यांवर तेलाचा थर बसला की जंतूंना चिकटायला जागा राहत नाही. दुधातला फॅट बराचसा कडबा पचून जे तयार होतं त्याच्यावर बनतो, मग तो उतरणारच की. सरकीतलं तेल बियातच असतं, रवंथ करताना हळूहळू सुटतं, म्हणून नुसती सरकी पचते. तेल आज बंद. मिनरल मिक्श्चर चालू ठेवा, कारण मोकळं तेल पोटात कॅल्शियम, मॅग्नेशियमला धरून बसतं.

कडबा_कुट्टी: बायपास फॅट द्या की, ते कॅल्शियमला बांधलेलं असतं, पोटाच्या पहिल्या कप्प्यात फुटत नाही, पुढच्या आंबट कप्प्यात गेल्यावर सुटतं.

बार्शीकर_डेअरी: बरोबर, पण ते विल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यात भरपूर दूध देणाऱ्या जनावराला, १००-१५० ग्रॅम. सहा-सात लिटरच्या म्हशीला खर्च निघत नाही. मी एकदा दुकानदाराच्या नादाने आटत आलेल्या म्हशीला महिनाभर दिलं, नुसती पिशवी रिकामी झाली. उन्हाळ्यात एक फायदा मात्र आहे, फॅट पचताना पोटात कमी गरमी होते, अन सोलापूरचं ऊन काय सांगायचं.

सांगोल्याचा_बोकडवाला: बोकडाला तेल नको राव. शेळीच्या जातीत चरबी आधी पोटात अन गुर्द्याभोवती साठते, मांसात लई कमी जाते. गिऱ्हाईक ती चरबी बाजूला काढायला लावतं, म्हणजे तुमचं तेल गेलं कचऱ्यात. अन चारलेलं तेल जसंच्या तसं मांसात उतरतं हे पण खरं नाही. कोंबडीला, डुकराला तेल चारलं की त्यांची चरबी मऊ पडते, पण रवंथ करणाऱ्याच्या पोटातले जंतू पातळ तेलाला हायड्रोजन जोडून घट्ट फॅट करून टाकतात, म्हणून आपल्या बोकडाचा रस्सा गार झाला की वर पांढरा थर गोठतो. परदेशात जी चरबीच्या बारीक जाळीची बीफ विकतात ती मुख्यतः जातीची करामत, अन कित्येक महिने धान्य चारल्याची. ईदला वजनच पाहिजे तर मका भरडा, शेंगदाणा पेंड अन थोडा हिरवा चारा, पण भरडा हळूहळू वाढवा, एकदम दिला तर पोट फुगून पंचाईत होईल.

मोहोळचा_गोठा: धन्यवाद. तेल बंद करून पाच दिवस झाले, सरकी पण निम्मी केली. काल दुपारी लिंबाखाली बसून निवांत रवंथ करत होती, शेण पण घट्ट पडलंय. फॅट आज ६.८. उरलेलं तेल आईने उचलून चुलीपाशी नेलं, म्हणाली माणसांना पुरंना अन हा म्हशीला पाजतोय.