मदत हवी आहे: जिन्यावरचा झरोका मोठा करावा का?

नागपुरात आमचे दुमजली घर आहे. भिंती नऊ इंची विटांच्या, वर आरसीसी स्लॅब, आणि गच्चीवर निघणाऱ्या जिन्याच्या अगदी वरच्या टोकाला पश्चिमेकडे एक झरोका आहे. तो मोठा करा, गरम हवा आपोआप वर चढून बाहेर पडेल, असे गवंड्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळेच सांगतात. मला हा सल्ला अर्धाच खरा वाटतो, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

घरातली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल, तरच ती वर चढून निघून जाणार. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५ अंश आणि बंद घरात ३७ अंश असताना आतलीच हवा जड ठरते. ती खालच्या दाराखिडक्यांतून निसटते आणि तिची जागा घ्यायला झरोक्यातून तापलेली हवा आत शिरते. झरोक्याशी उदबत्ती धरली, की दुपारी धूर आत वळून पायऱ्यांवर उतरतो. रात्री जेवणे आटोपल्यावर, बाहेर निवू लागले, की तोच धूर बाहेर ओढला जातो. (दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्याचाही यात हात असणारच.) स्लॅब मात्र दिवसभराची उष्णता मध्यरात्रीपर्यंत वरच्या खोल्यांत सोडत राहतो, त्यामुळे रात्रीचा हा प्रवाह वाढवणे हीच खरी गरज आहे.

खालची खिडकी आणि झरोका यांच्यात ६ मीटर उंची व आतबाहेर ५ अंशांचा फरक धरला, तर दाबातला फरक जेमतेम एक पास्कल येतो. इतक्या क्षीण ओढीला डासांची जाळीसुद्धा अडवते. शिवाय वरचा झरोका कितीही मोठा केला, तरी खालची वाट अरुंद असेल तर तीच प्रवाह ठरवते. म्हणून तोडफोड करण्याऐवजी झरोक्याला घट्ट बंद होणारे झडप बसवून ते फक्त रात्री उघडावे, असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का?

दुसरा प्रश्न कूलरचा. तळमजल्यावरचा कूलर हवा आत ढकलतो आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. ही वाट त्याच खोलीच्या समोरच्या खिडकीतून द्यावी, की जिन्यातून वर नेऊन वरच्या खोल्यांच्या खिडक्यांतून सोडावी, म्हणजे त्या खोल्याही थोड्या निवतील? एकाच कूलरच्या जोरावर हे साधते का?

उन्हाळ्यात इथला वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येत असल्याने झरोका पूर्वेला हलवणे खर्चाच्या मानाने परवडेल का, हेही सांगावे. काम नवतप्याआधी उरकायचे आहे.