मदत हवी आहे: गच्चीच्या दारासमोर रेल्वे मॉडेलचा उचलता पूल कसा बसवावा?

शंटिंगवाला (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात आमच्या घराच्या वरच्या खोलीत एचओ स्केलचा, म्हणजे १:८७ चा लेआउट चालू आहे. कुर्डुवाडी जंक्शन नॅरोगेजच्या काळात होतं तसं करायचा बेत आहे. एकीकडे ब्रॉडगेज, शेजारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. ब्रॉडगेजसाठी बाजारात मिळतो तो १६.५ मिमीचाच रूळ घेतलाय. (आपला १६७६ मिमीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, या स्केलला १९.३ मिमी व्हायला हवा, हे माहीत आहे. त्यावर इथे भांडण नको, दुसरा धागा काढा.) बार्शी लाइट अडीच फुटी, तिला ९ मिमीचा रूळ छान जुळतो.

अडचण दाराची आहे. तीन भिंतींच्या कडेने फळी फिरते आणि मधल्या भिंतीत गच्चीवर जायचं दार आहे. तिथे ८४ सेंमीचा गाळा सुटतो. फळी जमिनीपासून १०७ सेंमी उंच, त्यामुळे मी खालून वाकून जातो, आईला ते जमत नाही. उन्हाळ्यात कुरडया, पापड, मिरच्या असं सगळं वाळवण त्याच गच्चीवर. तिने एका वाक्यात स्पेसिफिकेशन दिलंय: "हातात परात असताना एका हाताने उघडला पाहिजे, आणि लाइट गेली तरी उघडला पाहिजे."

माझ्या डोक्यात मात्र रामेश्वरमला जाणारा समुद्रावरचा पांबन रेल्वे पूल आहे. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा उचलता गाळा ७२.५ मीटरचा. १:८७ ने भागला तर ८३ सेंमी! म्हणजे माझ्या गाळ्याच्या मापाचाच. दोन मनोरे, मोटर, सगळा गाळा सरळ वर. कोणी असं केलंय का? आणि नसेल जमण्यासारखं, तर बिजागरीचा करावा की काढून ठेवायचा? पुलावर ब्रॉडगेजच्या दोन आणि नॅरोगेजची एक अशा तीन लाइनी येतील. शिवाय खोलीवर थेट स्लॅब आहे, मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो. रूळ फुगून पूल अडकेल का, ही धास्ती वेगळीच.

मोजपट्टी

हिशोब अर्धाच केलात. नवा पांबन १७ मीटर वर जातो. तेही ८७ ने भागा: साडेएकोणीस सेंमी. १०७ मध्ये मिळवले तर साधारण १२७, त्यातून पुलाची जाडी वजा. खालून जहाज जाईल, आई जाणार नाहीत.

माणूस ताठ जायचा तर गाळा पाऊण मीटर तरी उचलावा लागेल. मग मनोरे छताच्या दिशेने निघतात आणि चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या सारख्या ओढल्या नाहीत तर गाळा तिरका होऊन मध्येच फसतो. लाइट गेल्यावर तर विषयच संपला. पांबन हवाच असेल तर लेआउटवर दुसरीकडे शोभेचा करा. काढून ठेवायचा पूल बनवायला सर्वांत सोपा, पण एका हातात परात असताना काढलेला पूल ठेवायचा कुठे? तुमच्या आईंच्या अटीत फक्त बिजागरी बसते.

मोटरही नको. ८४ बाय २५ सेंमीचा १८ मिमी प्लाय अडीच किलोच्या आसपास भरतो. टोकाला धरून उचलताना हातावर त्याचं निम्मंच वजन येतं. १९१४ च्या जुन्या पांबनची दोन पाती तर माणसं हातानेच उघडायची.

अक्कलकोट रोड

गाववाले भेटले, बरं वाटलं. मी लेथवर काम करतो, पॉवरलूमचे पार्ट जास्त. दोन गोष्टी ध्यानात ठेवा, बाकी कसंही करा.

पहिली, बिजागरीची पिन रुळाच्या माथ्याच्या वर पाहिजे. बरेच जण दाराला लावतात तशी बिजागरी फळीच्या खालून ठोकतात. मग पूल उचलला की बिजागरीकडची रुळाची टोकं समोरच्या रुळात घुसतात, आणि रूळ तरी वाकतो नाहीतर उखडतो. रुळांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे बसवा आणि त्यांवर पिन रुळापेक्षा १५ मिमी वर आणा. मग उचलताना टोकं एकमेकांपासून लांब सरकतात. ठोकळे दिसायला नको असतील तर त्यांवर गर्डर नाहीतर केबिन चढवा.

दुसरी, मोकळ्या टोकाची खालची कड. पिन वर घेतली की ही कड उचलताना आधी थोडी बाहेर येते, मग वर जाते. तुमच्या मापाला, पिनेपासून प्लायचं बूड ४५ मिमी खाली धरलं तर, सव्वा मिमीच्या आसपास. म्हणून ती कड खालून आत तिरकी तासा, तीन मिमी पुरे. वर रुळापाशी हा फरक नगण्य असतो, तिथे फट बारीकच ठेवा.

टेकायला फळी नको. दोन बोल्ट उभे लावा लॉकनटसकट, त्यांच्यावर पूल बसू दे. पावसाळ्यात लाकूड हललं तर पान्याने उंची जुळवता येते. आडवं जुळवायला पितळेची निमुळती पिन आणि ती जिच्यात बसते ती नळी, म्हणजे बूश. सरळ पिन घेऊ नका, ती बसवताना शोधत बसावं लागतं. निमुळती आपली आपण मध्यावर येते.

कंट्रोलरताई

विजेचं मी सांगते. बिजागरीवरून वायर न्यायची ती बारीक तारांची लवचीक, आणि तिला मोठा वळसा सोडायचा. एकतारी वायर रोजच्या वाकण्याने आतून तुटते आणि बाहेरून काही कळत नाही.

पुलाच्या मोकळ्या टोकाखाली मायक्रोस्विच लावा. पूल पूर्ण बसला तरच तो दाबला जाईल. पुलाचा पुरवठा तर त्यातून जाऊ द्याच, पण गाळ्याच्या दोन्ही बाजूंच्या एकेक मीटर रुळाचाही त्यातूनच. पूल उघडला की इंजिन तिथेच मरतं. तुम्ही सोलापूरचे, बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो ना, तसंच हे. फक्त डीसीसी (डिजिटल कंट्रोलवर चालणाऱ्या) इंजिनात कीप-अलाइव्ह कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, असेल तर रूळ मेल्यावरही ते थोडं पुढे पळतं. तशा इंजिनांसाठी काठावर एक आडवा अडसर लागेलच. १०७ सेंमीवरून फरशीवर पडलेलं इंजिन मी पाहिलेलं आहे.

शंटिंगवाला

मोजपट्टी, पांबन रद्द. आईला वाचून दाखवलं, ती तुमच्या बाजूने आहे. अक्कलकोट रोडवाले दादा, पिन-बूश तुमच्याकडूनच घेतो, निरोप टाकतोय. ताई, अडसराचं लक्षात घेतलं, दोन इंजिनांत कीप-अलाइव्ह आहे.

उन्हाचं मात्र राहिलं. आणि रुळांची टोकं दोन्हीकडे तंतोतंत समोरासमोर आणायची कशी? तीन लाइनी, म्हणजे एका बाजूलाच सहा टोकं.

मोजपट्टी

टोकं जुळवायचीच नाहीत. पूल बंद करून, कडी लावून, रूळ फटीवरून अखंड टाका. काठावर दोन्हीकडे शेवटच्या स्लीपरच्या जागी तांब्याचा थर असलेली पीसीबीची (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाची) पट्टी स्क्रूने घट्ट बसवा आणि रूळ तिला सोल्डर करा. दोन रुळांमधला तांब्याचा थर कानसीने तोडायला विसरू नका, नाहीतर शॉर्ट. सगळं थंड झालं की पातळ कटिंग डिस्कने फटीवर रूळ कापा. आपोआप समोरासमोर येतात.

उन्हाचा हिशोब: निकेल सिल्व्हरचा चार मीटर रूळ डिसेंबरच्या पहाटेच्या १५ अंशांवरून मेच्या ४२ अंशांवर गेला तर पावणेदोन मिमी वाढतो. पण काठावर रूळ सोल्डरने धरलेला असला की ही वाढ पुलाकडे येत नाही. ती मागे, भिंतीच्या बाजूच्या जोडांत जिरवा. तिथे मीटरभर अंतराने अर्ध्या मिमीची फट सोडा आणि ते जोड सोल्डर करू नका, प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर द्या. कामाला ऐन थंडीत बसणार असाल तर फट थोडी जास्त.

प्लायला ऊन फारसं काही करत नाही, दमट हवा करते. बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांसकट सगळीकडून सीलर मारा.

अक्कलकोट रोड

एक राहिलं. पूल उभा केला की भिंतीला कडी पाहिजेच. दुपारी गच्चीचं दार उघडलं आणि वावटळ आत आली तर उभा पूल डोक्यात बसेल. आणि वर पंख्याचं पातं बघा, उघडा पूल १९१ सेंमीपर्यंत जातो.

शंटिंगवाला

पंखा लांब आहे, मोजला. भिंतीची कडी आईच्या खांद्याच्या उंचीला लावतो, तिलाच उभी करून खूण केली. प्लाय उद्या आणतोय. पूल बसला की फोटो इथेच टाकतो.