मदत हवी आहे: कोर्दोबा (स्पेन), एक दिवस, आई-बाबांसोबत. अर्जंट!

घाईगडबड:
मंडळी, पटकन सांगा. स्पेनमध्ये कोर्दोबाला एक दिवस आहे. ती खांबांची मशीद बघायचीच आहे, बाकी काय बघू? नेटवर इतकं आहे की डोकं गरगरायला लागलं. जेवायला बरी जागा आणि चांगली रेड वाईन कुठे मिळेल तेही सांगा. सोबत आई-बाबा आहेत. तिकिटं आज रात्रीच काढायचीत, तेव्हा कृपया ‘गूगल करा’ म्हणू नका.

तिरपागडा:
कधी? कुठून? एक दिवस म्हणजे सकाळी जाऊन रात्री परत, की मुक्काम? आई-बाबा किती चालतात? एवढं तरी लिहा, मग सांगतो.

शेवग्याची_शेंग:
कोर्दोबा कशाला? एकच दिवस असेल तर ग्रनाडाला जा. तिथल्या अल्हंब्रा किल्ल्यापुढे बाकी सगळं फिकं आहे. पण तिकीट आत्ताच काढा. अल्हंब्रातल्या नासरी महालांना आत जायची वेळ ठरलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. पासपोर्टही जवळ ठेवा, तिकीट नावावर असतं. आणि ग्रनाडात ड्रिंकबरोबर तापास, म्हणजे छोट्या खाण्याच्या बशा, फुकट मिळतात.

घाईगडबड:
शेंग, ग्रनाडा बुधवारी आहे आणि तिकिटं काढून झालीत. प्रश्न कोर्दोबाचा आहे.
तिरपागडा, माद्रिदहून येतोय, ऑगस्टमध्ये. पुढे सेव्हिलला जाणार. आईचे गुडघे दुखतात, पण तशी चालते.

पाटणकर_काका:
ऑगस्ट!! अहो ताई, ऑगस्टमध्ये तिथे दुपारी चाळिशी सहज ओलांडते. स्पॅनिश लोकच शहर सोडून समुद्रावर पळतात. बरीचशी जुनी खाणावळवजा दुकानंही त्या महिन्यात रजेवर असतात. दुपारी दोन ते सात बाहेर पडायचंच नाही, असं धरून आखणी करा. हॉटेलला एसी आहे ना, ते आधी बघा.

तिरपागडा:
काका बरोबर. आता वार सांगा. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

घाईगडबड:
सोमवार.

तिरपागडा:
तरीच विचारलं. सोमवारी अल्काझार (राजांचा जुना किल्ला) बंद, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बंद, व्हियाना राजवाडा बंद, गावाबाहेरचे मदीना आझाराचे अवशेषही बंद. उघडं काय, तर मशीद-कॅथेड्रल, रोमन पूल आणि त्याच्या पलीकडच्या टोकाचा कालाओरा बुरूज. रविवारी आलात तर?

घाईगडबड:
रविवारी सकाळी माद्रिदमध्ये नवऱ्याच्या मित्राकडे जेवण आहे, ते मोडता येणार नाही. संध्याकाळी पोचू शकतो. मंगळवारी सकाळची सेव्हिलची गाडी आहे, ती बदलायची नाही.

तिरपागडा:
मग हे आधी सांगायचं ना, तुमच्याकडे दीड दिवस आहे! माद्रिदहून आवे या वेगवान गाडीने पावणेदोन तासांत कोर्दोबा. रविवारी मशीद सकाळी साडेअकरानंतर प्रार्थनेसाठी पर्यटकांना बंद होते आणि दुपारी तीनला पुन्हा उघडते. तीन-साडेतीनला पोचलात तर सामान टाकून थेट आत. आत गारवा असतो. दुपारी घालवायला गावात त्याहून बरी जागा नाही. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे आधी हॉटेल.

आणि सोमवारी सकाळी पुन्हा जा, कारण सोमवार ते शनिवार साडेआठ ते साडेनऊ प्रवेश मोफत असतो. नऊ-वीसला माणसं बाहेर काढायला सुरुवात करतात, पण तेवढा तास गर्दी नसते आणि कोवळं ऊन आत येतं. माद्रिदहून पहाटे निघून हा तास गाठायचा म्हटलं तर धावपळ होते, पण तुम्ही मुक्कामाला असाल. मनोऱ्याचं तिकीट वेगळं. तिथे नुसते जिने आहेत, आईंना खालीच बाकावर बसवा. संत्र्यांच्या झाडांचं अंगण फुकट आहे.

निळी_छत्री:
तिरपागडा ह्यांच्याशी सहमत, फक्त एक. आत गेल्यावर लोक त्या लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींचे फोटो काढत सुटतात. ८५६ खांब आहेत, पण सगळे एकसारखे नाहीत. बरेचसे जुन्या रोमन आणि त्यांच्यानंतरच्या व्हिसिगॉथ राजवटीच्या इमारतींचे काढून आणलेले आहेत, म्हणून उंची कमी-जास्त, रंग वेगळे, माथे वेगळे. उंची पुरेना म्हणून कमानीवर कमान चढवली. ७८५ च्या सुमाराचं पहिल्या अब्द अल-रहमानचं काम आणि दहाव्या शतकातल्या दुसऱ्या अल-हकमचं काम शेजारी शेजारी बघा. मिहराबाच्या, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, सोनेरी मोझेकसमोर वेळ द्या.

कट्ट्यावरचा:
मशीद कसली, तिथे चर्चच आहे! नाव नीट लिहा.

निळी_छत्री:
दोन्ही आहे. १२३६ साली तिसऱ्या फेर्नांदो या ख्रिस्ती राजाने मुसलमान सत्तेकडून शहर घेतलं तेव्हा इमारत न पाडता तिचं कॅथेड्रल केलं. आज मध्यभागी जे उंच चर्च दिसतं ते १५२३ पासून बांधलं. तेव्हा शहराच्या पंचायतीनेच कडकडून विरोध केला होता, पण राजा पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. अधिकृत नावात आज कॅथेड्रल आहे, गावातले लोक मेस्किता, म्हणजे मशीद, म्हणतात.

कट्ट्यावरचा:
म्हणजे आपल्याकडे पण असंच…

पाटणकर_काका:
कट्ट्यावरचे साहेब, त्यासाठी वेगळा धागा काढा. बाईंना आज रात्री तिकिटं काढायचीत.

सुगरण_आजी:
बाळा, आईबाबा मांसाहारी आहेत का गं? ते तू लिहिलंच नाहीस.

घाईगडबड:
अरे हो. आई शाकाहारी, अंडंही नाही. बाबा सगळं खातात.

शेवग्याची_शेंग:
आईंना साल्मोरेहो द्या! टोमॅटो, पाव, ऑलिव्ह तेल, थंडगार. ऑगस्टमध्ये याहून बरं काही नाही.

सुगरण_आजी:
अगं शेंगे, त्यावर उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरलेले असतात. मागवतानाच ‘सिन हामोन, सिन ह्युएवो’ सांगावं लागतं. नुसतं शाकाहारी म्हटलं तर ट्यूनासुद्धा घालून देतात, माझ्या सुनेला दिला होता. वांग्याचे काप मागव. पातळ कापून कुरकुरीत तळतात आणि वरून उसाची काकवी सोडतात, आपल्या माणसाला आवडतंच. तळणाचं तेल एकच असतं, ते मात्र चालवून घ्यावं लागेल. मासामोरा नावाचं बदामाचं पांढरं गार सारही असतं, त्यावरचं विचारून घे. फ्लामेन्किन (पोर्कची तळलेली गुंडाळी) आणि बैलाच्या शेपटाचा रस्सा बाबांना.

तिरपागडा:
जेवणाची वेळ लक्षात ठेवा. दुपारी साधारण चारनंतर स्वयंपाकघरं बंद, रात्री साडेआठशिवाय सुरू होत नाहीत. सात वाजता भूक लागली की बसा चिप्स खात. मेर्कादो व्हिक्तोरिया नावाचं खाण्याच्या स्टॉलांचं मार्केट आहे. तिथे प्रत्येकाला वेगळं घेता येतं, तुमच्यासारख्या मिश्र मंडळींना सोयीचं.

दिवेलागण:
आता वाईन. रेड विसरा. कोर्दोबात येऊन रिओखाची रेड पिणं म्हणजे संधी शुद्ध वाया घालवणं, ती माद्रिदमध्येही मिळते. इथली वाईन मोंतिया-मोरिलेसची, शहराच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरच्या आतबाहेर. द्राक्ष पेद्रो हिमेनेस. जुन्या तावेर्नात (वाईनच्या गुत्त्यात) जाऊन ‘उन मेदियो’ म्हणा, फिनो या इथल्या पांढऱ्या वाईनचा छोटा ग्लास येतो. अगदी थंड, कोरडी, खारट बदामासारखी चव.

कट्ट्यावरचा:
ती शेरीच झाली. म्हाताऱ्यांची दारू.

दिवेलागण:
अजिबात नाही. शेरी हेरेस गावाकडची, द्राक्ष पालोमिनो, आणि तिथल्या फिनोत बाहेरून स्पिरिट घालून ताकद पंधरा टक्क्यांवर नेतात. मोंतियात ऊन एवढं की द्राक्षातल्या साखरेवरच ती पंधराला पोचते. घालावं लागत नाही. वर यीस्टचा पांढरा थर बसतो, तो वाईनला हवेपासून वाचवतो. तो थर गेल्यावर तीच वाईन हवेत मुरली की अमोंतियादो; ओलोरोसो मात्र थराशिवायच मुरते.

शेवग्याची_शेंग:
मी घेतली होती. औषधासारखी लागते. बाबांना द्यायच्या आधी विचार करा.

दिवेलागण:
कोमट प्यायला असाल. बाटली उघडून ठेवलेली असेल तरही वाईट लागते.

शेवग्याची_शेंग:
थंडच होती हो. माझ्या जिभेला जे लागलं ते लागलं.

निळी_छत्री:
भांडू नका. बाबांसाठी पीएक्स, म्हणजे पेद्रो हिमेनेसची गोड वाईन, मागवा. तीच द्राक्षं उन्हात चटयांवर वाळवून मनुकांसारखी झाल्यावर पिळतात. काळी, दाट, गोड. व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून खातात. हेरेसवालेसुद्धा आपल्या गोड वाईनसाठी ही मोंतियातून घेतात, हे दिवेलागण सांगायचे राहिले.

दिवेलागण:
राहिलं नव्हतं, पुढच्या प्रतिसादात येणार होतं. मोंतियातल्या एखाद्या बोदेगात (वाईन बनवण्याच्या जागी) जाता आलं तर जा, आल्वेआर १७२९ पासून आहे.

पाटणकर_काका:
त्या सोमवारी चाळीस अंशांत आई-वडिलांना वाईनच्या कारखान्यात कुठे नेता? गावात बसून एक ग्लास घ्या. मी सेगोव्हियाचं सांगतो, तिथे पाण्याचा रोमन कालवा…

तिरपागडा:
काका, सेगोव्हिया नको. ताई, मदीना आझारा सोमवारी बंद आहे ते एका अर्थी बरंच. ९३६ च्या सुमारास खलिफा तिसऱ्या अब्द अल-रहमानने बसवलेलं ते महालनगर, १०१० मध्ये यादवी युद्धात उद्ध्वस्त झालं. आता उघड्या माळावर भिंती आणि कमानी. अफाट जागा आहे, पण सावली नाही. ऑगस्टमध्ये दुखऱ्या गुडघ्यांनी तिथे उतरण्यात अर्थ नाही.

सोमवारी साडेनऊला मशिदीतून निघालात की खुदेरीया या जुन्या ज्यू वस्तीच्या गल्ल्यांमध्ये बारा-साडेबारापर्यंत भटका, ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदेसचा पुतळा, फुलांची गल्ली. मग जेवण, झोप. आठला रोमन पुलावर. तिथे नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, पुलाच्या पलीकडून शहराकडे बघा. गल्ल्यांत गोटे बसवलेत, आईंना जाड तळव्याचे बूट घालायला सांगा.

घाईगडबड:
वा, हे नीट कळलं. रविवारी दुपारची गाडी बघते, दोन रात्री तिथेच. एक राहिलं. तो सोमवार श्रावणातला आहे, आईचा उपास. सकाळी काही मिळेल का?

सुगरण_आजी:
हे शेवटी सांगतेस! बाजारातून आदल्या दिवशी फळं, बदाम, अंजीर, खजूर घेऊन ठेव. रविवारी संध्याकाळी दुकानं बंद असतात, तर माद्रिदमधूनच घे. राजगिऱ्याचे लाडू आहेत ना? बटाटा सगळीकडे मिळतो, पण त्या तेलात काय तळलंय ते तुझ्या आईला सांगू नकोस.

घाईगडबड:
लाडू आहेत :) काढली तिकिटं, रविवार दुपार. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणतायत, दिवेलागणांचं फिनो आणि छत्रीताईंचं पीएक्स दोन्ही घेणार आणि पुण्यालाही नेणार. चालतं का?

दिवेलागण:
चालतं. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. भारतात माणशी दोन लिटर ड्यूटी न भरता नेता येते.

पाटणकर_काका:
माणशी. म्हणजे आईच्या नावावरचेही दोन धरा.